आणेचा दगड आणि कलम एकोणीस

“भूमी ही एका पिढीची मालमत्ता नसून सर्व पिढ्यांची ठेव आहे, आणि तिचे रक्षण हे शासनाचे पवित्र व चिरंतन कर्तव्य आहे,” निमकर मॅडम जीपच्या पुढच्या सीटवर बसून मोठ्यानं वाचत होत्या.

“मॅडम,” ड्रायव्हर तुपे म्हणाला, “रस्ता संपला.”

रस्ता खरोखरच संपला होता. पुढे खाडीचा बांध, बांधावर एक बगळा, पलीकडे कापणी झालेली भाताची खाचरं आणि त्यांच्या मागे एक गर्द डोंगर.

मॅडम वाचत होत्या ते वाक्य माझं होतं. कायद्यांचे मसुदे लिहिणं ही माझी नोकरी. उद्देशिकेत मी ते वाक्य घातलं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, कारण उद्देशिका कुणी वाचत नाही. विधेयक सभागृहात आलं त्या दिवशी विरोधी पक्ष कांद्याच्या भावावरून बाहेर निघून गेला होता आणि सत्ताधारी पक्ष जेवायला. चिरंतन कर्तव्य उरलेल्यांच्या आवाजी मतदानानं मंजूर झालं.

‘खाजगी भूसंवर्धन हक्क अधिनियम’ असं त्याचं नाव. साध्या भाषेत सांगायचं तर जमीन तुमची, सातबारा तुमचा, गवत, आंबे, करवंदं सगळं तुमचं. फक्त तिथं बांधायचं नाही, खणायचं नाही, झाड तोडायचं नाही, असं तुम्ही सरकारला कायमचं लिहून द्यायचं. बदल्यात सरकार भूसंवर्धन निधीतून एकरकमी मोबदला देणार. मॅडम हा कायदा राबवणाऱ्या खात्याच्या उपसचिव. परदेशात असे कायदे त्यांनी बघितले होते आणि आपल्याकडे तसा एक व्हावा म्हणून इतकी वर्षं खेटे घातले होते की त्यांचे केस त्या फायलीतच पांढरे झाले.

आता निधीत पैसे नव्हते. पैसे मागायचे तर निदान एक करार झालेला दाखवायला हवा होता. पैसे मिळाले की वित्तवाले अधिसूचना काढू देणार, आणि अधिसूचना निघाली की कायदा सुरू होणार. तोवर तो नुसता छापील कागद. म्हणून अधिवेशनाच्या आधी एक करार सही करून आणायचा, त्यात ‘अधिसूचनेच्या दिनांकापासून लागू’ असं लिहायचं, असं ठरलं. बारसं आधी आणि लग्न मागून, असं तुपे म्हणाला. मॅडमनी त्याला पुढे बघून गाडी चालवायला सांगितलं होतं.

आख्ख्या जिल्ह्यातून अर्ज एकच आला होता. हसुराम मोकल, राहणार खारवेळ.

बुवा बांधाच्या टोकाशी उभे होते. गावच्या भजनात ते पुढे बसायचे, म्हणून सगळे त्यांना बुवा म्हणत. उंच, वाळका देह, हातात काठी, पायात काही नाही, अंगात मात्र इस्त्रीचा सदरा. सरकार घरी येणार म्हणून घातलेला.

“जपून या मॅडम. बांध बारीक हाय.”

आम्ही एकामागून एक चालू लागलो. थोडं अंतर गेल्यावर मागे न वळताच त्यांनी विचारलं, “कायमचा म्हंजे किती?”

“कायमचा म्हणजे कायमचा, बुवा,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही बांधील.”

“आनि सरकार बदललं तर?”

“तरीही.”

ते थांबले आणि माझ्याकडे वळले. “ह्यांचं काय म्हननं?”

“मी फक्त लिहितो,” मी म्हणालो.

“मग बरोबर,” असं म्हणून ते परत चालू लागले. काय बरोबर, ते मला कळलं नाही.

घर डोंगराच्या पायथ्याशी, कौलारू, पुढे सारवलेली ओटी. दारात चांगुणाबाई, म्हणजे बुवांच्या पत्नी, चिंचेची रास पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि दगडावर एकेक चिंच फोडून चिंचोके बाजूला टाकत होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. मॅडम सबंध तांब्या प्यायल्या.

“किती गोड आहे हो पाणी.”

“ह्या डोंगराचं हाय,” चांगुणाबाई म्हणाल्या. “बाकी कुठंबी खना, खारंच लागतं. गोडं पानी गावाला ह्या एका झऱ्याचं.” हात थांबले नव्हते. “त्या पलीकडल्या धामणपाड्याला पन होता झरा. डोंगर विकला, वर बंगलं झालं. बंगल्यावाल्यांनी बोअरवेली मारल्या. दोन उन्हाळ्यांत झरा गेला. आता बाया टँकरची वाट बघत बसतात. आनि बंगलं बंदच असतात. शनिवारचा दिवा दिसतो, रविवारचा विझतो.”

म्हणजे बुवांनी अर्ज का केला, ते जेवणाआधीच समजलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे जरा चमकले होते. कायदा लिहिणाऱ्याला तो कायदा ज्याच्यासाठी लिहिला तो माणूस सहसा भेटत नाही.

तेवढ्यात बांधावरून मोटारसायकल आली. बुवांचा मुलगा जयवंत. मोबाइल नवेनवे होते तेव्हा त्याच्याकडे दोन होते, एक खिशात आणि एक कमरेला. तो तालुक्याला जागेची कामं करायचा, म्हणजे कुणाची जागा कुणाला दाखवायचा. स्वतःच्या घरची जागा तेवढी दाखवायची राहिली होती.

“नमस्कार मॅडम,” तो नम्रपणे म्हणाला आणि ओटीच्या कडेला बसला. “मी अडवायला आलोय असं वाटत असेल तुम्हाला. तसं नाही. बाबांची इच्छा आहे ना, होऊ द्या. वारसाची संमती लागते म्हणे. कुठं सही करायची सांगा.”

“तुम्हाला करार मान्य आहे?” मॅडमनी विचारलं.

“मान्य काय, वाचलाय मी. नेटवर टाकलाय तुम्ही.” त्यानं हसून माझ्याकडे बघितलं. “कलम एकोणीस. अटींचा भंग केला तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड.”

“बरोबर,” मी म्हणालो.

“माझ्याकडे पार्टी आहे. डोंगरावरून खाडी दिसते, त्यांना तोच व्ह्यू पाहिजे. तीन बंगले, एक पोहायचा हौद. पंचवीस हजारांत त्यांच्या बाथरूमचा नळ येतो, साहेब. तेवढे ते जागेच्या भावात धरून टाकतील. बाबा आहेत तोवर मी काही करणार नाही. पण पुढे जी काही पार्टी येईल, ती आधी दंड भरेल, पावती घेईल आणि मग पाया खणेल. मी आपला व्यवहार सांगतोय.”

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. हीच अडचण होती.

बुवा माझ्याकडे बघत होते. “खरं हाय का हे, सायेब?”

मी मॅडमकडे बघितलं. मूळ मसुद्यात तुरुंगवास होता. समितीतल्या एका माननीय सदस्यांनी विचारलं होतं की एखाद्याकडून चुकून बंगला बांधला गेला तर काय? त्या प्रश्नावर समितीत बराच वेळ सहानुभूतीची शांतता पसरली आणि तुरुंगवास गेला. दंडाचा आकडा चहा आल्यावर ठरला.

“खरं आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या असत्या तर अधिक वरच्या पदावर गेल्या असत्या.

बुवा उठले. कोनाड्यातली खुरपी घेतली. “चला. दाखवायचं हाय.”

“बाबा, तिकडं नका नेऊ मॅडमना,” जयवंत पटकन म्हणाला. “बरं दिसत नाही ते.”

“तुला कसं ठाऊक बरं का वाईट? तू कवा बघितलास?” बुवा म्हणाले आणि चालू लागले.

झरा घरामागेच होता. कातळातून बारीक धार, खाली दगडी कुंड. कुंडाच्या वरच्या अंगाला, जिथून डोंगर सुरू होतो, तिथं एक उभा दगड होता, कमरेइतका. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले. त्याखाली अक्षरांच्या ओळी, इतक्या झिजलेल्या की बोट फिरवलं तरच त्या ओळी आहेत असं कळावं. त्याखाली दगड जमिनीत गेला होता.

“आनेचा दगड,” बुवा म्हणाले.

“आण म्हणजे शपथ,” मॅडम मला म्हणाल्या. मग त्या वाकून बघू लागल्या आणि त्यांचा आवाज एकदम कॉलेजातल्या मुलीसारखा झाला. “रणदिवे, हा गधेगाळ आहे. शिलाहार राजांच्या वेळचे असे दगड सापडतात या बाजूला. राजा जमीन दान द्यायचा, तेव्हा हा रोवायचे. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर दान चालणार. मध्ये दानाचा मजकूर. आणि खाली...” त्या थांबल्या. “खाली शाप.”

“म्हणजे कलम एकोणीस,” मी म्हणालो.

बुवा उकिडवे बसून खुरपीनं दगडाच्या पायाची माती काढू लागले. काढता काढता सांगत होते. भात झोडून झालं की दर वर्षी मालकानं इथं यायचं. एकट्यानं. माती उकरायची, खाली काय आहे ते बघायचं आणि परत झाकून टाकायचं. झाकायचं, कारण बायामाणसं पाण्याला येतात. बघायचं, कारण विसरायला होतं. पोरगा कर्ता झाला की त्याला एकदा बरोबर आणायचं. त्यांच्या बापानं त्यांना आणलं होतं.

“आणि जयवंत?” मी विचारलं.

“बोलावला. दर साली बोलावतो. म्हनतो, बाबा, मी पदवीधर हाय.”

माती निघाली. मॅडम खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बगळा बघू लागल्या. मी खाली बघितलं.

एक गाढव होतं आणि एक बाई होती. एवढंच सांगतो. कोरणारा फार कुशल नव्हता, पण त्यानं कुठलीही संदिग्धता ठेवली नव्हती. मसुदाकार म्हणून मला त्याचा हेवा वाटला.

“जो कोन हे दान मोडील,” बुवा म्हणाले, “त्याच्या आयशीला हे.” आणि हातानं माती परत लोटू लागले. “माझ्या आज्याच्या वेळेला एका सावकारानं हा डोंगर गहाण म्हनून घेतला होता. लाकूड तोडायला मानसं आनली. त्याला हितं आनून दाखवला. तो उभ्या उभ्या परत गेला, सायेब. व्याजपन सोडलं. आजपतुर डोंगराला कुनी हात लावला नाय. तुमच्या दंडाला भिऊन नाय.” माती दाबून ते उठले. “हे तुमच्या कागदात घाला. तरच मी सही करीन.”

“बुवा,” मॅडम अजून खाडीकडेच बघत म्हणाल्या, “शासकीय करारात असं लिहिता येत नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या. भाकरी खा आनि जा.”

भाकरी तांदळाची होती, बरोबर करंदीचं, म्हणजे बारीक कोलंबीचं, सुकं. मॅडम गप्प जेवत होत्या. ताट अर्धं झाल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “रणदिवे, कायद्यात बसतं का?”

“कलम सात. पक्षकारांना मान्य असतील अशा अन्य अटी.”

“आपण ते कशासाठी ठेवलं होतं?”

“गवत कापायच्या हंगामासाठी, मॅडम.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “सभ्य भाषेत,” त्या म्हणाल्या.

मी ओटीवर मांडी घातली आणि आयुष्यातलं सगळ्यात अवघड कलम लिहिलं. शासकीय मराठीचा एक गुण आहे. तिच्यात काहीही लिहिलं तरी कुणाला दिसत नाही. गाढव हा शब्द मी कुठंही येऊ दिला नाही. मग सगळे बसल्यावर मोठ्यानं वाचलं. करारावर साक्षीदार म्हणून तुपेची सही लागणार होती, म्हणून तोही पायरीवर येऊन बसला.

“अनुसूची ग. सदर कराराच्या अटींचा जी व्यक्ती भंग करील, अथवा भंग करण्यासाठी सदर भूमी अन्य व्यक्तीस हस्तांतरित करील, अशा व्यक्तीस, कलम एकोणीसखालील दंडाव्यतिरिक्त, सदर भूमीच्या सीमेवर स्थित शिळेच्या अधोभागी दर्शविलेली आपत्ती लागू होईल. आणि ती आपत्ती अशा व्यक्तीच्या मातोश्रींना प्राप्त झाली असल्याचे मानण्यात येईल.”

बुवांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“सोपं करून सांगा,” बुवा म्हणाले.

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम पेनाचं टोपण बघत होत्या. शेवटी तुपेनं सांगितलं. त्याला एक वाक्य पुरलं. त्या वाक्यात गाढव होतं.

जयवंत हसला. मनापासून हसला. “लिहा, लिहा. पार्टी मुंबईची आहे. त्यांच्या मातोश्री सोसायटीच्या चेअरमन आहेत. त्यांना दाखवू.”

“नाही,” मी म्हणालो. “खरेदीदाराला लागू आहेच. पण आधी विकणाऱ्याला लागेल. ‘भंग करण्यासाठी हस्तांतरित करील’ असा शब्दप्रयोग आहे.”

“म्हणजे?”

“बांधणाऱ्याला जो जमीन विकेल, त्याच्या मातोश्री.”

दारातला चिंचा फोडण्याचा आवाज थांबला. तो इतका वेळ चालू होता हे तो थांबल्यावर कळलं.

जयवंतच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, पाहुणे गेल्यावर दिवा राहावा तसं. त्यानं दाराकडे बघितलं नाही. आम्हीही बघितलं नाही. बघितलं फक्त बुवांनी, आणि मग त्यांचा चेहरा पडला. मला त्या क्षणी समजलं की हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दगड सावकारासाठी होता, परक्यासाठी होता. इतक्या पिढ्या त्या दगडावरची बाई दुसऱ्या कुणाची तरी आई होती.

“काढा ते,” बुवा म्हणाले.

“बुवा, तुम्हीच...”

“काढा म्हनतो ना. दंड ऱ्हाऊ दे पंचवीस हजार. तेवढा बास. मना नको हे.” “दगड घरच्यासाठी नसतो.”

मी पेन काढलं. एक आडवी रेघ मारली की झालं असतं. मॅडमचा एकुलता एक करार बचावत होता, दंडासकट आणि बाथरूमच्या नळासकट.

“कशाला काढताव?” चांगुणाबाई दारातून म्हणाल्या.

“अगं, तुला कळलं का काय लिवलंय?”

“बहिरी नाय मी.” त्यांनी पदरानं हात पुसले. “ऱ्हाऊ दे ते.”

“आये, तू आत जा,” जयवंत म्हणाला.

“कशाला? मी काय नवी नवरी हाय?” त्या उठून ओटीवर आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव विचारावा तसा साधा होता. “ह्या डोंगराचं पानी मी आख्खा जलम वायलं. डोक्यावर दोन हंडं, कमरंवर एक. तुला पोटात घेऊन वायलं, तू झालास त्याच्या आदल्या दिसापतुर वायलं. गाढवाला लाजायचं माझं वय गेलं.”

“आये, काय बोलतेस सगळ्यांच्या पुढं.”

“मी नाय बोलत. कागद बोलतो.” त्या त्याच्याकडे बघत होत्या. “जयवंत, तुला विकायचा तर वीक. बापामागं तुझाच डोंगर हाय. मी आडवी यायची नाय, रडायची नाय, गावात सांगायची नाय. फकस्त पार्टीला डोंगर दाखवशील ना, तवा तो दगड पन दाखव. आनि त्याच्यावर कोन हाय ते सांग.”

एवढं बोलून त्यांनी चिंचेची रास पुढे ओढली.

जयवंतचा कमरेचा मोबाइल वाजला. त्यानं तो वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला. मग त्यानं माझ्याकडे हात केला. “द्या. कुठं सही?”

मी दाखवलं. त्यानं न वाचता सही केली, दोन ठिकाणी. बुवांनी केली, एकेक अक्षर सुटं. मॅडमनी शासनाच्या वतीनं केली. तुपेनं आणि मी साक्षीदार म्हणून केली. मी कागद गोळा करत होतो तेव्हा चांगुणाबाई म्हणाल्या, “माझा अंगठा?”

“तुमचा लागत नाही, आई,” मी म्हणालो. “तुमच्या नावावर जमीन नाही. तुम्ही पक्षकार नाही.”

“त्या कागदात मी नाय?”

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी स्वतः शाईचा डबा उघडला. नमुन्यात तशी जागा नव्हती. म्हणून मी अनुसूची गच्या खाली एक रेघ ओढली आणि तिच्याखाली लिहिलं, ‘मातोश्री’. चांगुणाबाईंनी अंगठा उठवला. चिंचेचा चिकट डाग शाईबरोबर कागदावर आला. मॅडमनी तो पुसू दिला नाही.

आम्ही निघालो तेव्हा ओटीवर बुवाही नव्हते आणि जयवंतही नव्हता. बांधावरून मागे वळून बघितलं तर घरामागे, झऱ्याच्या वर, दोघं दिसले. एक उकिडवा बसला होता आणि एक उभा होता. उभा होता तो थोड्या वेळानं खाली बसला.

जीपमध्ये मॅडमनी काही वाचलं नाही. तुपेनं दोनदा रेडिओ लावून बघितला आणि बंद केला. पेणच्या आसपास मॅडम म्हणाल्या, “कलम एकोणीस आपल्याला असं लिहिता आलं असतं का हो?”

“समिती होती, मॅडम.”

“हं,” त्या म्हणाल्या.

करार मी फायलीला लावला. अधिवेशनात आमच्या मागणीवर निधीसाठी तरतूद झाली, एक हजार रुपये. लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या हिशेबातला रकाना, उघडं राहावं म्हणून अशी नाममात्र तरतूद करतात. ते लेखाशीर्ष एक वर्ष उघडं राहिलं आणि मग मिटलं. मॅडमची बदली साखरेकडे झाली आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांच्या कार्याचा गौरव झाला. वक्त्यांनी त्यांच्या साखरेविषयीच्या तळमळीचा उल्लेख केला.

बुवा एकदा मुंबईला आले होते. पिशवीत माझ्यासाठी पोहे आणि चिंचेचा गोळा. मोबदल्याचं काय झालं ते मी त्यांना सांगितलं, म्हणजे काही झालं नाही असं सांगितलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

“पैसा नाय आला तरी चालंल,” ते म्हणाले. “फकस्त कागद परत देऊ नका.”

“नाही देणार.”

“पोरगा येतो आता. भात झोडलं की. मी न सांगता येतो.” एवढं सांगायलाच ते आले असावेत. उठले, काठी घेतली आणि लिफ्ट सोडून जिन्यानं गेले.

त्यानंतर बुवा गेले. पुढे काही वर्षांनी चांगुणाबाई गेल्या. हे मला जयवंतच्या फोनवरून कळलं. करारावर माझा नंबर होता, तो त्यानं जपून ठेवला होता. माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते.

“साहेब, ओळखलंत का? खारवेळचा जयवंत मोकल.”

“ओळखलं. बोला.”

“आई गेली. महिना झाला.”

मी जे बोलायचं ते बोललो. तो ऐकत होता. मग म्हणाला, “साहेब, एक पार्टी आलीय. मोठी आहे. आता तीन बंगले नाही, आख्खं रिसॉर्ट. भाव असा देतायत की मुलीचं शिक्षण, माझं कर्ज, सगळं सुटतं. मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.”

“हं.”

“म्हणून विचारतो. ते तुमचं कलम. अनुसूची ग. आई तर आता नाही. मग ते कुणाला लागणार?” थांबून त्यानं पुढे विचारलं, “संपलं ना ते?”

फाइल माझ्या कपाटातच होती. उघडायची गरज नव्हती. ते कलम मला पाठ होतं.

“कलमात ‘हयात’ असा शब्द नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“मातोश्री एवढंच लिहिलंय. हयात असलेल्या मातोश्री असं लिहिलेलं नाही.”

“म्हणजे अजून लागू आहे.”

“करारात कायमचा असं लिहिलंय, जयवंत.”

फोनवर त्याच्या मागे कुठंतरी भांड्यात पाणी पडत होतं, बारीक धारेचं. मग त्यानं श्वास सोडला. मला वाटलं होतं तो चिडेल. पण आवाज हलका झाला होता, कुणीतरी डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा तसा.

“बरं झालं विचारलं,” तो म्हणाला. “मग सांगतो त्यांना, सरकारी कागद आहे म्हणून. जमणार नाही म्हणून.”

“सांगा.”

“नाहीतरी उद्या जायचंच आहे दगडाकडे. भात झोडून झालंय.”

डोंगर आहे. झरा आहे. धामणपाड्याच्या बाया आता खारवेळहून पाणी नेतात.

अधिनियम कोणत्या दिनांकापासून अमलात येईल, याची अधिसूचना शासनानं अजून काढलेली नाही.